खड्यासाठी राखलेली जागा

कॅमेऱ्याच्या काचेसमोरून निघालेल्या तांदळाच्या दाण्याला हवेच्या नळीच्या तोंडाशी पोचायला सव्वीस मिलिसेकंद लागतात. अंतर नऊ सेंटीमीटर. पापणी एकदा मिटून उघडायला याच्या चौपट तरी वेळ जातो. तेवढ्यात यंत्राने दाणा पाहायचा, पांढरा की डागाळलेला ते ठरवायचं, आणि डागाळलेला असला तर नळीतून फुंकर मारून त्याला बाजूच्या डब्यात उडवायचं. पांढऱ्याला काही करायचं नाही. तो आपला पडत राहतो.

माधवी हे पडणं तासन् तास बघत बसे. दुपारी तीनच्या सुमाराला गिरणीच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या तिरप्या आत उतरत. त्यांत कोंड्याची धूळ तरंगत राही, आणि यंत्राच्या दहा पन्हळींतून तांदूळ असा ओघळे की थोड्या वेळाने तो पडतोय की जागच्या जागी उभा आहे आणि आपणच वर चाललोय, ते कळेनासं होई. मग मध्येच लाल दिवा लागे. यंत्र मरे. दोन सेकंदांनी आपलं आपण पुन्हा जिवंत होई, काही झालंच नाही अशा थाटात. पण त्या दोन सेकंदांत काळं-पांढरं सगळं एकाच पोत्यात गेलेलं असे.

“मेलं गं परत,” आवडी सुपातून मान वर न करता म्हणे. “थांब. उठल आता. उठलं बग.”

आवडी डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. बावीस वर्षं ती या गिरणीत तांदूळ निवडत होती. सूप झटकलं की उडालेल्या दाण्यांच्या आवाजावरून त्यात खडा आहे की नाही ते तिला कळायचं. यंत्र आल्यावर आपलं काम जाईल असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. पुढे यंत्र दिवसात सात सात वेळा मरायला लागलं आणि तिला त्याची माया वाटू लागली.

गिरणी कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याला, शेताच्या कडेला. ती चालवायची माधवीची आई, आनंदीबाई. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि तो असतानाही चालवायची तीच. माधवी एकेचाळीस वर्षांची. पदार्थविज्ञान शिकलेली, आणि पुढे यंत्रांच्या छोट्या मेंदूंसाठी प्रोग्रॅम लिहायला लागलेली. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती गिरणीमागच्या खोलीत बसून करायची. 

तीन वर्षांपूर्वी आनंदीबाईंनी तिला सरळ विचारलं होतं, “गिरण तू चालवशील का? चालवनार असशील तर ठेवते. नसशील तर बंद करते. माजं गुडघं आता आयकत नाय.”

माधवी म्हणाली होती, “सांगते.”

आणि मग सांगायच्या ऐवजी तिने हे यंत्र बांधायला घेतलं. बाजारातली यंत्रं मोठ्या गिरण्यांसाठी असतात, कपाटाएवढी. तिने पेटीएवढं केलं. कोणी विषय काढला की ती म्हणायची, यंत्र नीट चालू दे, मग सांगते. हे खोटं नव्हतं. फक्त यंत्र नीट चालत नाही याचं तिला जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतं, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं.

आता मात्र शुक्रवारची मुदत पडली होती. शिळफाट्याचा मनोज, पाण्याच्या बाटल्यांचा धंदा करणारा, गिरणीची शेड गोडाऊनसाठी भाड्याने मागत होता. चांगला माणूस होता. तीनदा आला, तीनदा चहा पिऊन गेला, एकदाही घाई केली नाही. शेवटी आनंदीबाईंनीच त्याला सांगितलं, “शुक्रवारी अकराला ये. हो तर हो, नाय तर नाय.” मग माधवीकडे बघून म्हणाल्या, “मी काय बोलनार ते तुज्या हातात.”

तो दिवस बुधवार होता.

*

बुधवारी दुपारी आनंदीबाई आठव्यांदा वर चढल्या. भात ओतायचा हॉपर वरच्या फळीवर. तिथे जायला लोखंडी शिडी, चौदा पायऱ्यांची. आनंदीबाई चढायच्या तेव्हा त्यांच्या खांद्याला किंतानाची एक पिशवी असायची. तिच्यात नट आवळायचे दोन पाने, कातर, पट्ट्याच्या क्लिपा, फ्यूजची तार, टॉर्च, मेणबत्ती, सुतळीचं रीळ, कापूस, आयोडीनची बाटली, चिकटपट्टी, मिठाची पुडी, आणि एक शिटी. शिटी कशाला, हे कोणालाच माहीत नव्हतं. माधवीने एकदा ती पिशवी गिरणीच्या काट्यावर ठेवली होती. चार किलो सातशे ग्रॅम.

“वर कधी काय लागंल सांगता येतं का?” आनंदीबाई म्हणायच्या.

एकोणीस वर्षांपूर्वी लागलं होतं. माधवीच्या वडिलांचा पंचा वरच्या पट्ट्यात अडकला. आनंदीबाई शेजारीच उभ्या होत्या, पण कातर खाली होती. त्या चौदा पायऱ्या धावत उतरल्या आणि चौदा पायऱ्या धावत चढल्या. वडील वाचले. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवसापासून पिशवी आली, आणि आजपर्यंत ती त्यांच्याशिवाय वर गेली नाही, ना त्या तिच्याशिवाय. या एकोणीस वर्षांत वर पिशवीचं तोंड तीनदा उघडलं. दोनदा फ्यूजसाठी. एकदा मिठासाठी, आवळे खाताना.

“आवडीमावशीला हाक मारत जा ना,” माधवी शिडीखालून म्हणाली. “ती देईल आणून.”

“हाक मारायची, मग ती हातातलं सूप ठेवनार, उठनार, काय पायजे इचारनार, हुडकनार, वर येनार. तवर माजं काम होऊन मी खाली.” आनंदीबाई पाचव्या पायरीवर दम खात बोलत होत्या. “कोनाला सांगन्यापरीस आपलं आपन केलेलं बरं. येळ वाचतो.”

“आन् गुडघं?” आवडी खालून म्हणाली.

“तुला कोनी इचारलं गं?”

“कोनी नाय. तेच तर.”

माधवी हसली नाही. आईची पायरीवर टेकलेली टाच तिच्या डोळ्यांसमोर होती, भेगाळलेली आणि किंचित थरथरणारी. या गिरणीला हो म्हणायचं म्हणजे ती पिशवी खांद्यावर घ्यायची, हे तिला तीन वर्षांपूर्वीच दिसलं होतं. गिरणीची तिला भीती नव्हती. भाताचा वास, तुसाचा ढीग, कर्जत-तीन जातीच्या भाताच्या पोत्यांवर निळ्या खडूने घातलेली गावांची नावं, हे सगळं तिला स्वतःच्या हातांइतकं ओळखीचं होतं. भीती त्या चार किलो सातशे ग्रॅमची होती. काही झालं तर, या दोन शब्दांना खांद्यावर घेऊन रोज अकरा वेळा चढायचं, आणि ते कधी उतरवता येईल असं कोणीच सांगायचं नाही.

आवडी उठली आणि भिंतीकडेला कोंडा भुरभुरायला लागली. मूठभर घेऊन, बोटांच्या फटींतून, रांगोळीसारखा.

“हे काय?”

“उंदीर. पोती कुरतडतंय मेलं. कुटवर येतं ते सकाळी पावलांवरनं कळंल. जितवर कोंडा मोडलाय, तितवर ते आलंय.”

माधवी त्या पांढुरक्या, न मोडलेल्या कोंड्याकडे बघत राहिली. मग उठून आपल्या खोलीत गेली.

यंत्राच्या मेंदूत चालू असलेल्या प्रत्येक कामाला आपलं सामान मांडायला स्मृतीची थोडी जागा मिळते. एका कामाने दुसऱ्याला बोलावलं की दुसऱ्याची जागा पहिल्याच्या वर येते, तिसऱ्याची तिच्यावर. पोत्यांच्या थप्पीसारखी थप्पीच ती, स्टॅक म्हणतात तिला. काम संपलं की वरचं पोतं निघतं. या थप्पीसाठी माधवीने आठ हजारांहून थोड्या जास्त, नेमक्या आठ हजार एकशे ब्याण्णव बाइट राखल्या होत्या. तिने त्या सगळ्या जागेत एकच खुणेचा आकडा भरला, कोंड्यासारखा. यंत्र चालू केलं. पाऊण तासाने ते मेलं, तेव्हा तिने खुणा तपासल्या.

एकही खूण उरली नव्हती. उंदीर भिंतीपर्यंत येऊन भिंतीपलीकडे गेला होता.

*

गुरुवारी सकाळी तिने जुन्या वहीत पाहिलं. एप्रिलमध्ये हेच यंत्र, हाच प्रोग्रॅम, आणि थप्पी जागेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतही चढत नव्हती. तेव्हा यंत्र मरत नसे. फक्त सावकाश होतं. निर्णय व्हायला चोवीस मिलिसेकंद, आणि नळी उघडायला वर तीन. काळा दाणा निघून जायचा आणि फुंकर मागच्या बिचाऱ्या पांढऱ्याला बसायची. आवडी म्हणायची, चोर सुटतो नि पाव्हना मार खातो.

म्हणून मे महिन्यात माधवीने कंपायलरला वेग वाढवायला सांगितलं. कंपायलर म्हणजे तिने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. त्याच्याकडे वेग वाढवायच्या पुष्कळ युक्त्या असतात. त्यांतली एक सगळ्यांत साधी. एका कामाने दुसऱ्याला हाक मारली की काही वेळ वायाच जातो. हातातलं खाली ठेवायचं, कुठे थांबलो ती खूण करायची, तिकडे जायचं, परत यायचं, खूण शोधायची. त्यापेक्षा दुसऱ्याचं काम उचलून पहिल्याच्या अंगणातच आणून बसवलं तर? हाक नाही, जाणं नाही, येणं नाही. याला इनलाइन करणं म्हणतात. दोन ठिपक्यांची चमक ताडून बघण्याचं एवढंसं काम दर दाण्यामागे हजारो वेळा व्हायचं. ते आत बसल्यावर चोवीसचे अकरा झाले. त्या दिवशी माधवीने आवडीला पेढा दिला होता.

वेग मिळाला, आणि तेव्हापासून यंत्र मरायला लागलं. पण इतक्या छोट्या कामाने थप्पी एवढी कशी चढेल?

दुपारी ती यंत्राशेजारी कोंड्याच्या पोत्यांवर टेकली. कोंडा ऊबदार होता, आतून अजून श्वास घेत असल्यासारखा. वर पट्टा एका लयीत फिरत होता. उन्हाची एक काठी तिच्या मनगटावर येऊन थांबली. तांदूळ पडत होता, आणि मग पडेनासा झाला.

ती एका काळ्या जमिनीवर उभी होती. राब भाजल्यावर जमीन दिसते तशी, मऊ आणि कोळशासारखी. हा दाण्यावरचा डाग आहे हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं नवल वाटत नव्हतं. तिला तो डाग मोजायचा होता. मोजायची रीत तिनेच ठरवलेली. ज्या ठिपक्यावर उभे आहोत तो काळा आहे ना? मग शेजारच्याला विचारायचं, तूही काळा? तो हो म्हणाला की त्याच्यावर जायचं, आणि तिथून त्याच्या शेजारच्याला. वाट संपली की उलट पावली परत.

ती एका वाफ्यावरून दुसऱ्यावर गेली. प्रत्येक वाफ्यावर पोचल्यावर तिला खांद्यावरची पिशवी उतरवून ठेवावी लागत होती. आधी पिशवी, मग तिच्यातून चटई. चटई अंथरायची. तांब्या भरून ठेवायचा. पाट मांडायचा. कोणी तरी येणार होतं. ते येणार नाही हेही तिला माहीत होतं, पण मांडायचं सगळं. मग पुढच्या वाफ्यावर गेलं की खांद्याला पुन्हा तेवढीच जड पिशवी. ती जराही दमली नव्हती. ऊन कोवळं होतं, दूर डोंगर निळा होता, कोणी तरी लांबवर सूप झटकत होतं. तिने मागे वळून पाहिलं. ओळीने पाट, ओळीने तांबे, ओळीने रिकाम्या चटया, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. आणि पुढे पाय ठेवायला जागा नव्हती.

लाल दिवा लागला. “मेलं गं,” आवडी म्हणाली, आणि माधवीने डोळे उघडले. मनगटावरचं ऊन सरकून कोपरापर्यंत आलं होतं. म्हणजे वीसेक मिनिटं.

ती खोलीत गेली. स्वप्नात काही कळलं असं तिला वाटत नव्हतं, आणि स्वप्नात कळलेल्यावर तिचा विश्वासही नव्हता. तिने कंपायलरकडून एक यादी मागितली. कोणतं काम थप्पीवर किती जागा घेतं, त्याची. ही यादी तिने एप्रिलमध्ये काढली होती. मे महिन्यानंतर, खरं तर, तिने ती काढलीच नव्हती.

एप्रिलच्या यादीत डाग मोजण्याच्या कामासमोर आकडा होता चाळीस. नव्या यादीत त्याच्यासमोर दोनशे चौसष्ट.

आणि यादीत एक नाव कमी होतं.

तिने ते तीनदा शोधलं. ‘खड्याची नोंद’ नावाचं काम तिने स्वतः लिहिलं होतं. डाग मोजता मोजता तो दाण्याच्या कडेबाहेर गेला, तर तो दाणा नसून खडा आहे. मग त्याची नोंद करायची. कधी आला, कोणत्या पन्हळीतून, केवढा, कसा. हे सगळं लिहायला त्याला दोनशेच्या वर बाइट लागायच्या. आवडीच्या हाताखालून गेलेल्या तांदळात असा खडा दिवसाकाठी एखादा यायचा, नाही तर यायचाच नाही. आणि ते काम यादीत कुठे नव्हतंच. घरातलं एक माणूस ताटावर नाही, आणि सगळे जेवतायत, असं काहीसं.

मग तिने दोन आकडे वजा करून पाहिले. ते कुठे गेलं नव्हतं. शेजारच्या घरातच राहायला आलं होतं, आपल्या भांड्याकुंड्यांसकट.

*

“काय सापडलं का?” आवडीने विचारलं. माधवी येऊन तिच्याजवळ जमिनीवरच बसली होती. वनिता, आवडीची सून, पलीकडे कणी चाळत होती.

“सापडलं. समज, तुला हे सूप निवडायचंय. आणि खडा सापडला तर त्याचा ठावठिकाणा लिहून ठेवायचाय. त्यासाठी वनिता वही, पेन, शाई, पाट घेऊन तिकडे बसलीय. खडा आला की तू तिला हाक मारायची.”

“मारीन की.”

“पण कंपायलर म्हणाला, या वनिताला हाक मारणारी आवडी एकटीच. मग तिला वेगळं कशाला बसवा? वही, पेन, पाट सगळं आवडीच्याच मांडीवर देऊ. हाक मारायचा वेळ वाचला.”

“मांडी केवडी ती!”

“तेच. आणि डाग मोजायचं काम असं आहे, की एक आवडी शेजारच्या आवडीला विचारते, ती तिच्या शेजारच्या आवडीला. मोठा डाग असला तर साठ आवड्या एकावर एक.”

“आई गं!” वनिता फिसकन हसली. “साट सासवा!”

“पूर्वी साठ मावत होत्या. आता प्रत्येकीच्या मांडीवर वही-पेन-पाट. खडा आलेला नसला तरी. तिसावी बसली की थप्पी छताला लागते आणि यंत्र मरतं.”

आवडीने सूप खाली ठेवलं. मग तिने शिडीकडे हनुवटी केली. आनंदीबाई वर फळीवर होत्या, पाठमोऱ्या, पिशवीचा बंद खांद्यात रुतलेला.

“म्हंजी तुजा तो कंपायलर बाईंचाच पाठचा भाऊ म्हनायचा.”

वनिता पुन्हा हसली. माधवी हसायला गेली आणि तिला जमलं नाही.

“तुला येक सांगू का, माधवी बाय?” आवडीचा आवाज खाली आला. “तुजं बाबा पट्ट्यात अडकलं ना, तवा मी हितंच बसले होते. ह्याच जागी. मेन स्विच तो काय, चार हातांवर. बाई माज्या म्होरनं धावत गेल्या, कातर घेतली, धावत वर गेल्या. मला वाटलं कायतरी सांडलं आसंल. येक हाक मारली असती तर मी खटका पाडला असता.”

“आई म्हणते गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं नसतं.”

“मला सुपातला खडा आयकू येतो. बाईंची हाक नाय येनार?”

“मग तू इतकी वर्षं आईला हे…”

“काय सांगू? दोन बोटं परत येनार व्हती का?” आवडीने सूप पुन्हा उचललं. “त्या पिशवी घिऊन चडतात ना, तवा मी स्विचाकडंच बगत असते. एकोनीस वर्सं. त्यांना ठाव नाय.”

पलीकडे यंत्र मेलं आणि उठलं.

संध्याकाळी, उजेड असतानाच, माधवीने दुरुस्ती केली. दुरुस्ती म्हणजे एक शब्द. ‘खड्याची नोंद’ या नावाआधी तिने तो लिहिला. त्याचा अर्थ, हे काम कुणाच्या आत बसवू नकोस. याला त्याच्या घरी राहू दे. लागेल तेव्हा हाक मारू. चमक ताडून बघणारं एवढंसं काम तिने आतच ठेवलं. ते क्षणाक्षणाला लागतं, आणि त्याचं सामान काडीइतकं. सगळ्यांना बाहेर काढायचं नव्हतंच. एकाला काढायचं होतं.

नवी यादी आली. डाग मोजणे, अठ्ठेचाळीस. त्याच्याखाली, आपल्या जागी परतलेली, खड्याची नोंद. वेळ, अकरा मिलिसेकंद आणि वर जेमतेम दखल घ्यावी एवढा अंश.

तिने आवडीकडून काळ्या दाण्यांची ओंजळ मागून घेतली, सगळ्यांत मोठ्या डागांची, आणि पन्हळीत सोडली. फुंकर, फुंकर, फुंकर. लाल दिवा लागला नाही. मग तिने अंगणातला एक खडा टाकला. नोंद झाली. हाकेला गेलेला वेळ मोजला, तर तो इतका लहान होता की दाणा तेवढ्यात केसाच्या जाडीइतकाही खाली आला नसता.

यंत्र नीट चालू लागलं होतं. आता सांगायला हवं होतं.

*

शुक्रवारी मनोज अकराला पाच मिनिटं कमी असताना आला. मोटारसायकल आंब्याखाली लावून, रुमालाने तोंड पुसत आत आला आणि नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला.

“काय काकी, गुडघे काय म्हणतात?”

“ते तुज्या बाजूनं बोलतात रं,” आनंदीबाई म्हणाल्या. “वनिता, च्या आन याला.”

गिरणी चालू होती. भात वरून खाली येत होतं, तूस मागे उडत होतं, यंत्र सकाळी आठपासून एकदाही मेलं नव्हतं. उन्हाच्या काठ्या अजून उभ्या होत्या, दुपारच्यासारख्या तिरप्या झाल्या नव्हत्या, आणि धूळ त्यांत इतकी सावकाश फिरत होती की खोलीभर पाणी भरलंय असं वाटावं. चहा आला. मनोजने बशीत ओतला. आनंदीबाईंनी माधवीकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं नाही. 

हॉपर रिकामा होत आला होता. सवयीने त्यांचा हात खुंटीवरच्या पिशवीकडे गेला. बंद खांद्यावर चढला, पाऊल पहिल्या पायरीवर पडलं.

“थांब,” माधवी म्हणाली. “मी जाते.”

“बरं. ही घे.”

माधवीने पिशवी घेतली नाही. आईच्या शेजारून, अंग चोरून, ती वर चढली. रिकाम्या हातांनी ती या शिडीवर लहानपणी चढली असेल, त्यानंतर आजच. दोन्ही हात कठड्याला लावता येत होते. लोखंड गार होतं. चौदा पायऱ्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या, म्हणून तिने मनात मोजल्या. चौदाच होत्या.

वर पट्टा तिच्या खांद्याशी फिरत होता. इथे वडील उभे होते. इथून आई धावली होती. खाली सगळं लहान आणि लांब दिसत होतं. मनोजची बशी, आईचा वर केलेला चेहरा, कोपऱ्यात आवडीचं सूप. आणि खरंच, आवडी सुपाकडे बघत नव्हती.

माधवीने घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं आणि हाक मारली. “आवडीमावशी!”

सूप खाली आलं. आवडी उठली. खटका पडला.

चार सेकंद.

मोटार उतरत्या सुरात थांबली, पट्टा मंदावला, अजून एक फेरा, अर्धा फेरा, आणि उभा राहिला. मनोजचा चहा त्याच्या पॅन्टवर सांडला. “लाइट गेली काय?” त्याने विचारलं. शेवटचे काही दाणे पन्हळीतून घरंगळले, तेही ऐकू आले. मग काहीच नाही. इतक्या वर्षांत गिरणी अशी भरदिवसा गप्प कोणी ऐकली नव्हती. रस्त्यावरून एक टेंपो चौककडे गेला, त्याचा आवाज शेतांवरून बराच वेळ येत राहिला. हवेतला कोंडा आता कुठे जायची घाई नसल्यासारखा खाली बसू लागला, आईच्या केसांवर, पिशवीवर, आवडीच्या अजून खटक्यावर असलेल्या हातावर.

आनंदीबाई आवडीकडे बघत होत्या. आवडीपासून स्विचपर्यंतचं अंतर बघत होत्या, त्या चार हातांचं. खांद्यावरचा बंद त्यांनी मुठीत घट्ट धरला, आणि मग मूठ हळूहळू सैल झाली.

“आई,” माधवी वरून म्हणाली. तिला आवाज चढवावा लागला नाही. “गिरण मी घेते. पिशवी नाही घेणार.”